तुम्ही विचारलंत म्हणून: हेडर कधी शिकवणार, सर?

भुसावळला संध्याकाळी मी पोरांना फुटबॉल शिकवतो. मैदानाच्या कडेला गाडी लावून उभे राहणारे बाप आधी फी विचारतात, मग जिल्ह्याच्या संघाचं विचारतात, आणि जरा ओळख झाली की हमखास येऊन म्हणतात, "सर, पोराले हेडर काहून शिकवत नाही?" उभ्या उभ्या दिलेलं उत्तर कुणाला पटत नाही, म्हणून आज बसून सांगतो.

बारा वर्षांखालच्या मुलाला मी हेडर, म्हणजे डोक्याने चेंडू, मारू देत नाही. त्यानंतर शिकवतो, पण हलक्या चेंडूवर आणि मोजकंच. हा नियम काही माझ्या डोक्यातून निघालेला नाही. अमेरिकेने २०१५ मध्ये दहा वर्षांपर्यंतच्या मुलांचं हेडिंग बंद केलं. इंग्लंड, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडने २०२० मध्ये प्राथमिक शाळेच्या वयातल्या मुलांच्या सरावातून ते काढलं. इंग्लंडमध्ये तर २०२१ पासून मोठ्या खेळाडूंनाही सरावात आठवड्याला जोराचे दहाच हेडर मारा, असं सांगितलेलं आहे. ज्यांनी हा खेळ जगाला दिला तेच हात आखडता घेतायत, तर कारण पाहायला हवं.

जेफ ॲस्टल हा इंग्लंडच्या वेस्ट ब्रॉमविच अल्बियन क्लबचा स्ट्रायकर, म्हणजे पुढे राहून गोल करणारा. हेडर ही त्याची ओळख. २००२ मध्ये वयाच्या ५९ व्या वर्षी तो गेला, तेव्हा त्याची स्मृती पार गेलेली होती. मृत्यूची चौकशी करणाऱ्या कॉरोनरने कारण दिलं: कामातून जडलेला आजार. हे वाक्य रेल्वेगावातल्या माणसाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. यंत्रांच्या खडखडाटात नोकरी करून कान गेलेली माणसं आपल्या ओळखीत आहेत. पुढे २०१४ मध्ये ॲस्टलच्या मेंदूची पुन्हा तपासणी झाली आणि सीटीई सापडला. डोक्याला वर्षानुवर्षं बसणाऱ्या हादऱ्यांशी जोडलेला हा आजार. त्यात 'टाऊ' नावाचं प्रथिन मेंदूत साचत जातं. खात्रीचं निदान आजही मृत्यूनंतरच होतं.

१९६६ चा विश्वचषक जिंकणाऱ्या इंग्लंडच्या अकरा जणांपैकी पाच जणांना पुढे स्मृतिभ्रंश झाला. रे विल्सन, मार्टिन पीटर्स, नॉबी स्टाइल्स आणि जॅक व बॉबी चार्लटन हे दोघे भाऊ. आता कुणी म्हणेल, म्हातारपणी विसर पडतोच, पाच नावांनी काय सिद्ध होतं? काहीच नाही. त्यासाठी मोजावं लागतं, आणि ते ग्लासगोच्या संशोधकांनी मोजलं.

त्यांनी स्कॉटलंडचे ७,६७६ माजी व्यावसायिक खेळाडू घेतले, त्यांच्याशी वय आणि परिस्थिती जुळणारी २३,०२८ माणसं घेतली आणि मृत्यूच्या नोंदी तपासल्या. मेंदू झिजवणाऱ्या आजारांनी होणारे मृत्यू खेळाडूंत सुमारे साडेतीनपट निघाले. 'साडेतीनपट' ऐकून छातीत धस्स होतं, म्हणून दुसरा आकडाही सांगतो. असा आजार मृत्यूचं मुख्य कारण असलेले खेळाडूंत १.७ टक्के होते, इतरांत ०.५ टक्के. शिवाय हृदयविकाराने आणि फुफ्फुसाच्या कॅन्सरने हेच खेळाडू इतरांपेक्षा कमी मेले. म्हणून पोराला मैदानावरून उचलून घरी मोबाईल देऊन बसवणाऱ्यांशीही माझं जमत नाही.

मला पटलं ते मात्र पुढच्या अभ्यासामुळे. २०२१ मध्ये त्यांनी खेळाडू जागेप्रमाणे वेगळे केले. बचावपटूंत धोका जवळपास पाचपट. गोलकीपरमध्ये मात्र सगळ्यात कमी, सामान्य माणसापेक्षा ठोस फरक सापडला नाही. तेच मैदान, तीच दगदग, तेच प्रवास; फरक काय, तर गोलकीपर चेंडू हाताने घेतो. स्वीडनमध्ये सहा हजारांवर खेळाडूंचा अभ्यास २०२३ मध्ये आला. तिथे धोका कमी, दीडपट निघाला, पण गोलकीपर तिथेही सुटले. कुणी किती हेडर मारले हे यांतल्या कुणीही मोजलेलं नाही, त्यामुळे शंकेला जागा आहे. पण गोलकीपरचं कोडं दुसऱ्या कशाने सुटत असेल तर मला सांगा.

"पण सर, डोक्याले तर काहीच लागत नाही!" लागलेलं दिसत नाही, एवढंच. सायकलला डबा अडकवून दही आणून बघा. डब्याला पोचा नसतो, आत दही मोडलेलं असतं. आणि जुना चामडी चेंडू जड होता, आताचा हलका, हेही अर्धंच खरं. कोरड्या चेंडूचं वजन आजही ४१० ते ४५० ग्रॅमच आहे. जुना पाणी पिऊन जड व्हायचा, आताचा जास्त वेगाने येतो. त्यात आपल्याकडे सायकलच्या दुकानातून ठणठणीत हवा भरून आणतात. ती आधी कमी करा.

माझ्या ओळखीचे एक नाना रेल्वेतून निवृत्त झालेले, स्टॉपर बॅक, म्हणजे मधले बचावपटू. चाळीस वर्षांपूर्वीच्या सामन्यात कुणी कुणाला पास दिला ते सांगायचे, आणि चहा झाला का हे मात्र पुन्हा पुन्हा विचारायचे. घरचे म्हणायचे, साठी बुद्धी नाठी. हेडरमुळेच झालं असं मी म्हणणार नाही. भारतात साठीपुढच्या सुमारे ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश आहे आणि त्यातले बहुतेक कधी फुटबॉल खेळलेले नाहीत. पण स्कॉटलंडला क्लबांच्या नोंदी होत्या म्हणून हिशेब निघाला. खानदेशात कोण कुठल्या संघातून किती वर्षं खेळला, हे विचारायला गेलो तर पानटपरीवरची आठवणच हाती लागते, आणि इथे तर आठवणच जातेय.

जुन्या खेळाडूंच्या घरच्यांना एकच सांगणं. विसर वाढला तर वय झालं म्हणून सोडून देऊ नका. बी-१२ आणि थायरॉईड तपासा. आपल्याकडच्या शाकाहारी घरांत बी-१२ कमी निघणं नवलाचं नाही, आणि तो विसर औषधाने सुधारू शकतो. कान तपासा, बीपी-शुगर बघा.

आणि पोरांची डोकी एकमेकांवर आपटली की "ऊठ, काही नाही झालं" असं कडेवरून ओरडू नका. तो पोरगा त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरणार नाही. अंतिम सामना असला तरी नाही.

राहिला शेवटचा प्रश्न: समोरची पोरं कॉर्नरवर हेडर मारतात, मग आपण हरायचं का? कधीकधी हरतो. पण आम्ही कॉर्नर छोटा घेतो, म्हणजे कोपऱ्यातून जवळच्याच पोराला पास देतो, चेंडू जमिनीवरून आत आणतो, आणि या वयातल्या पोरांना हवेतला चेंडू तसाही नीट जोखता येत नाही, त्यामुळे गोल बहुतेक पायानेच होतात. शंका असेल तर संध्याकाळी या. येताना चार नंबरचा, पोरांचा लहान चेंडू आणा, मोठ्यांचा पाच नंबरचा नको.