एकट्यानं बेंच प्रेस मारताना खांदे जागेवर कसे राहिले: माझा अनुभव

शिरोली एमआयडीसीत मला कायम दुसरी पाळी असते, त्यामुळं जिमची माझी वेळ सकाळी अकराची. तोवर गर्दी ओसरलेली असते, ट्रेनर घरी गेलेला असतो. मागं उभं राहून बार उचलून द्यायला कुणी नाही. पण बेंच प्रेसचा, म्हणजे बाकावर उताणं झोपून वजनाचा बार छातीपर्यंत आणून वर ढकलायच्या व्यायामाचा, सल्ला देणारा प्रत्येक माणूस मागं कुणीतरी उभं आहे असं धरूनच बोलतो. त्याचा राग माझा अजून गेलेला नाही, म्हणून हे लिहितोय.

खांदे कसे ठेवायचे ते कुणीही सांगतं. पाठीचे दोन्ही फरे (खांद्यामागची सपाट हाडं) मागं एकमेकांजवळ आणायचे, तसेच कमरेकडं खाली दाबायचे, छाती वर काढायची. हे मला लवकर जमलं. पाय रोवणं, पकड, श्वास, कशातच अडलं नाही. अडलं ते बार हुकातून, म्हणजे बेंचच्या खांबांवर तो ठेवलेला असतो तिथून, बाहेर काढताना.

तिथं नेमकं काय होतं ते सांगतो. हुक उंच असला की कोपरं पूर्ण सरळ केली तरी बार हुकाच्या कडेवरून निघत नाही. राहिलेलं अंतर मग खांदा भरून काढतो. तो बेंचवरून उचलला जातो, फरे उघडतात आणि बार सुटतो. आता वजन तुमच्या हातात आणि मघाशी बसवलेले खांदे सुटलेले. हलक्या वजनाला ते परत मागं ओढता येतात, जड वजनाला नाही. अख्खा सेट तसाच पुढं आलेल्या खांद्यांवर निघतो आणि ताण येतो खांद्याच्या पुढच्या अंगाला. मला तिथंच दुखायला लागलं होतं. शर्टाच्या बाहीत हात घालताना कळ यायची.

ट्रेनरला विचारलं. "भावा, खांदे मागं घे की." घेतलेलेच असतात, बार काढताना सुटतात, असं सांगितलं. "मग वजन कमी कर." केलं. नुसत्या 20 किलोच्या बारलाही तेच. "मग कुणालातरी बार द्यायला सांग." सकाळी अकरा वाजता कुणाला सांगू? तालमीत तयार झालेले आमचे काका म्हणाले, जोर (दंड) वाढव. जोरानं खांदा बळकट होतो हे मला मान्य आहे, मीही मारतो. पण जोर मारताना पाठ मोकळी असते, फरे बरगड्यांवरून पाहिजे तसे सरकतात. बेंचवर तेच फरे दाबून एका जागी धरायचे असतात. दोन्ही कामं वेगळी आहेत.

खोट बेंचमध्येच होती. वेल्डिंग केलेला जुना बेंच, त्याला हुकांच्या दोनच जागा. खालच्या जागेत कोपरं इतकी वाकायची की बार काढण्यातच निम्मी ताकद जायची. वरच्या जागेत हुकाची कड माझ्या सरळ हाताच्या मुठीपेक्षा चांगली दोन बोटं वर. टेप लावून मोजलं, मालकांना दाखवलं, मध्ये अजून एक हुक मारून घ्या म्हटलं. "बाकीच्यांना चालतंय की, तुम्हालाच कसं चालत नाही?" बाकीचे जोडीनं मारतात हो दादा! पॉवरलिफ्टिंगच्या स्पर्धेत प्रत्येक खेळाडूच्या हुकाची उंची आधी लिहून घेतात आणि त्याच्या पाळीला तेवढीच लावतात. वर बार काढून द्यायला माणूसही मिळतो. तिथं ज्याची एवढी काळजी घेतात, ते माझ्यासारख्या एकट्या माणसानं दोन बोटं उंच हुकावर कसं सांभाळायचं?

मग विचारलं, सपाट सुटा बेंच स्क्वॉट रॅकमध्ये, म्हणजे खांद्यावर बार घेऊन बैठका मारायच्या चौकटीत, घालू का? रॅकला हुक लावायला वर-खाली भोकं आहेत, बार पडला तर अडवणारे आडवे सेफ्टी रॉडही आहेत. "रॅक स्क्वॉटचा आहे." त्या वेळी रॅकमध्ये काळं कुत्रं नसतं, तरी उत्तर तेच. पुढं "बघू". मग "गणपती होऊ देत". गणपती झाले, दसरा आला, तरी बघूच चाललेलं.

शेवटी बोलणं बंद केलं आणि मोबाईल पाण्याच्या बाटलीला टेकवून, बेंचच्याच उंचीवर, बाजूनं व्हिडिओ काढला. बार हुकातून निघताना खांदा रेक्झिनवरून कसा सुटतो ते त्यात स्वच्छ दिसतं. मालकांनी तो दोनदा थांबवून पाहिला आणि म्हणाले, "बेंच परत जागेवर ठेवायचा मात्र." ती परवानगी मी भांडून नाही, दाखवून मिळवली, याचा मला अभिमान आहे. तुम्हालाही सांगतो, आधी व्हिडिओ काढा. आपला खांदा नेमका कुठं सुटतो ते आपल्याला झोपून दिसत नाही.

रॅकमध्ये उंची अशी ठरवा. रिकामा बार हुकात ठेवून खाली झोपा, फरे पूर्ण बसवा, बार धरा. कोपरं थोडीशीच वाकलेली हवीत आणि ती सरळ केली की बार हुकाच्या कडेवरून जेमतेम सुटायला हवा. दोन भोकांच्या मध्ये अडलात तर खालचं घ्या. कोपर थोडं जास्त वाकलेलं चालतं, खांदा उचललेला चालत नाही.

बार काढताना मी आता असं करतो. डोळे बरोबर बारखाली. फार खाली सरकून झोपलं तर बार लांबून ओढावा लागतो आणि त्या ओढीत खांदा सुटतो, फार वर झोपलं तर मारताना बार हुकांना आपटतो. पकड घ्यायची, टाचा दाबून कंबर उचलायची, वजन पाठीच्या वरच्या भागावर घेत फरे खाली रुतवायचे, मग कंबर सावकाश टेकवायची. छातीभर श्वास. कोपरं सरळ, बार कडेवरून सुटतो. इथून बार वर ढकलायचाच नाही. विहिरीचा दोर अंगाकडं ओढावा तसा काखेखालच्या स्नायूंनी तो आडवा खांद्यांवर आणायचा. आणला की क्षणभर थांबायचं, वजन स्थिर होऊ द्यायचं, मगच खाली. असं केल्यावर फरे रेक्झिनला चिकटलेले राहतात, ते पाठीला जाणवतं. पहिल्यांदा जाणवलं तेव्हा सेट संपवून मी तसाच पडून राहिलो, इतकं बरं वाटलं.

पुढं प्रत्येक रेपला (बार एकदा खाली-वर) वर गेल्यावर कोपरं सरळ झाली की थांबा. अजून थोडं वर म्हणून हात ताणला की खांदा पुन्हा पुढं.

सेफ्टी रॉडचं आधीच सांगायला हवं होतं. छाती वर काढलेली असताना बार छातीला लागला पाहिजे आणि रॉड त्याच्या किंचित खाली पाहिजे, म्हणजे अडकलात तर छाती सपाट केली की बार रॉडवर बसतो. रॉड नसतील आणि एकटे असाल तर बारला प्लेटा अडवणारी क्लिप लावू नका, एका बाजूला कलवून प्लेटा पाडता येतात. अंगठा बारभोवती गुंडाळलेला, आणि दम संपेपर्यंत मारायचं नाही.

पावसाळ्यात आपल्याकडं रेक्झिन दमट असतं, घामानं पाठ सरकते आणि बसवलेले फरे सरकतात. पातळ ड्रायफिट बनियनपेक्षा जाड सुती टी-शर्ट घाला, पाठीखाली पातळ रबरी मॅट टाकली तर आणखी बरं. बार परत ठेवताना हुक शोधत बसू नका. कोपरं सरळ ठेवून मागच्या खांबांना बार टेकवा, मग खाली सोडा.

माझं दुखणं काही आठवड्यांत कमी होत गेलं. तुमचं कमी होत नसेल, रात्री कुशीवर झोपता येत नसेल, तर डॉक्टरांना दाखवा, व्हिडिओ बघत बसू नका.

आणि रॅक मोकळा नसेल तर मी त्या जुन्या बेंचकडं जात नाही, डंबेल घेतो. मांडीवर ठेवून मागं झोपायचं, हुकातून काढायचा प्रश्नच येत नाही.