बार्टन हॉल की बफेलो?

न्यू जर्सीतल्या एडिसनला दादाकडे गेलं की रविवारी पोह्यांबरोबर वाद ठरलेला. विषय एकच: अमेरिकन रॉक बँड ग्रेटफुल डेडच्या १९७७ च्या मे महिन्यातल्या दौऱ्यात सगळ्यांत भारी रात्र कुठली?

दादाचं उत्तर ठाम. ८ मे, कॉर्नेल विद्यापीठाचा बार्टन हॉल. अर्धी दुनिया हेच म्हणते, म्हणून तर मला खुपतं. मी त्याच्या पुढच्या रात्रीच्या, ९ मेच्या, बफेलो शहरातल्या मैफलीवाला.

त्याच्याकडची कॅसेट कॉपीच्या कॉपीची कॉपी. तबल्याला पावडर लावावी तशी खरखर सगळीकडे पसरलेली. बँडच्या रेकॉर्डिंग इंजिनिअर बेटी कँटर यांचं मूळ रेकॉर्डिंग २०१७ मध्ये स्वच्छ होऊन अधिकृतपणे आलं, तरी हा कॅसेटच लावणार.

त्याचा हुकमी एक्का म्हणजे 'स्कार्लेट बिगोनियाज'मधून 'फायर ऑन द माउंटन'मध्ये शिरणं. पहिलं गाणं कधी संपलं ते कळतच नाही, बास हळूच रस्ता बदलतो. मग दोनच कॉर्ड, लेहऱ्यासारखे फिरत राहतात, आणि बँडचा गिटारवादक-गायक जेरी गार्सियाची गिटार त्यावर हिंडते. हे दुसरं गाणं तेव्हा मंचावर येऊन दोन महिनेही झाले नव्हते. त्याचं बीज १९७६ च्या 'डिगा ऱ्हिदम बँड'च्या रेकॉर्डमधलं, डेडचा ड्रमर मिकी हार्ट आणि झाकीर हुसेन यांच्या. "माहीमच्या पोराचा हात लागलाय त्याला," हे दादा दरवेळी ऐकवतो. इथे मी गप्प. या एका गाण्यात बफेलो हरतं.

पण पूर्ण मैफलीचं काय? बफेलोची सुरुवातच 'हेल्प ऑन द वे', 'स्लिपनॉट', 'फ्रँकलिन्स टॉवर' अशी एका दमात. इतर बँड हे शेवटी राखून ठेवतील. यांनी घाटापासूनच प्रवास सुरू केला. शिवाय कॉर्नेलला रविवारी शेवटचं गाणं कुठलं, तर 'वन मोअर सॅटरडे नाइट'! दादा म्हणतो, हा मुद्दा नाही. नसेल.

परवा मी न विचारता बफेलोचं 'कम्स अ टाइम' लावलं. गार्सिया जपून, जवळजवळ घाबरत गायला लागला. आतून वहिनी हात पुसत आली.

"भाऊजी, हे कुठलं? रोजचं ते नाही ना?"

मी दादाकडे पाहिलं.

"लिंबू पिळ," तो म्हणाला, "पोहे गार होतायत."