तुम्ही विचारलंत म्हणून: रोज किती उंदीर मारतेस?

चवथीला डिचोलीला घरी गेले की आरती आटोपल्यावर सगळे माटोळीखाली (गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या मांडवीखाली) टेकतात आणि कुणीतरी विचारतंच, "तू उंदरांच्या स्नायूंवर काम करतेस ना गो? मग रोज किती उंदीर मारतेस?" तिथे दोन वाक्यांत उत्तर देऊन उठावं लागतं, म्हणून इथे नीट लिहिते.

एकही नाही. मी प्रयोगशाळेत वाढवते त्या सगळ्या पेशी एकाच उंदरिणीच्या वंशातल्या आहेत, आणि ती माझ्या जन्माआधीची. इस्रायलमधल्या वाइझमन संस्थेत डेव्हिड याफे आणि ओरा सॅक्सेल यांनी तिच्या मांडीच्या स्नायूला इजा केली. स्नायू दुखावला की त्यात निजून असलेल्या राखीव पेशी जाग्या होतात आणि वाढू लागतात (तुमच्याआमच्या मांडीतही त्या असतात). ७० तासांनी त्यांनी त्या काढून घेतल्या. १९७७ साली हे काम प्रसिद्ध झालं. पुढे हेलन ब्लाऊ यांच्या अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत त्यांतून एक शाखा वेगळी केली, तीच माझ्याकडची; तिचं नाव सी२सी१२. द्रव नायट्रोजनमध्ये गोठवलेली कुपी आणायची, ३७ अंशांवर वितळवायची, की पेशी पुन्हा वाढायला लागतात.

मला या पेशींचं वेड लागलं ते त्यांच्या एका स्वभावामुळे. खायला भरपूर असेल तोवर त्या फक्त वाढतात, स्नायू होत नाहीत. वाढीच्या मीडियात, म्हणजे पेशी ज्या पोषक द्रवात वाढतात त्यात, १० ते २० टक्के वासराचं सीरम (रक्त गोठल्यावर उरणारा द्रव) असतं. प्लेट भरत आली की ते काढून २ टक्के घोड्याचं सीरम घालायचं. वाढीचा इशारा कमी झाला की पेशी विभागणं थांबवतात आणि मायोजेनिनसारखी, पेशीला स्नायू बनवणारी प्रथिनं बनवू लागतात. पहिल्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली विशेष काही दिसत नाही. मग टोकदार पेशी तारल्यांच्या थव्यासारख्या एका दिशेला लागतात, एकमेकींना चिकटतात, आणि मधल्या भिंती विरतात. पाचव्या दिवशी लांबलचक नळ्या दिसतात, एकेका नळीत कितीतरी केंद्रकं. कधी एखादी नळी आपणहून आखडते. ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी बराच वेळ खुर्चीवरून उठले नाही.

याच स्वभावाने मला एकदा फटका दिला. पहिल्या वर्षी चवथीला निघताना मी पेशींचा फ्लास्क तसाच इन्क्युबेटरमध्ये (पेशींना ऊब देणाऱ्या कपाटात) ठेवला. पाच दिवसांनी आले तर पेशी दाटून गेलेल्या, आणि मधूनमधून आपोआप नळ्या झालेल्या. उरलेल्या पेशी मी वाढवत राहिले, पण पुढच्या कुठल्याच प्लेटमध्ये धड नळ्या होईनात. ज्यांना स्नायू व्हायचं होतं त्या होऊन गेल्या होत्या, आणि झालेला स्नायू पुन्हा विभागत नाही. मागे राहिल्या त्या न जुळणाऱ्या. दोन महिन्यांचं काम टाकून नवी कुपी काढावी लागली. आता सुट्टी असो नसो, फ्लास्क सत्तर टक्के भरायच्या आत मी पेशी स्प्लिट करते, म्हणजे थोड्या थोड्या नव्या फ्लास्कांत वाटते.

माणसाच्या पेशी का नाही, असंही विचारतात. त्या हळू वाढतात आणि काही फेऱ्यांनंतर थकतात. पण एखाद्या माणसाच्या आजाराविषयी काही म्हणायचं तर शेवटी त्याच वापरायला हव्यात, हे मला मान्य आहे. माझ्या प्लेटमधल्या नळीला ना मज्जातंतू, ना रक्तपुरवठा.

तरी "एकही नाही" एवढ्यावर थांबणं मला खरं वाटत नाही. वाढीच्या मीडियातलं ते सीरम कत्तलखान्यात गाभण गाईच्या पोटातल्या वासराच्या रक्तातून येतं. चवथीच्या घरात हे सांगताना जीभ जड होते, पण विचारलं तर सांगते. सीरमशिवाय पेशी वाढवायचे प्रयत्न जगभर चालू आहेत, मीही करून पाहते आहे; अजून माझ्या नळ्या तितक्या जाड होत नाहीत. तोवर नवी बाटली आली की थेंब वाया जाऊ नये म्हणून ती लहान कुप्यांत वाटते, प्रत्येकीवर तारीख घालते आणि उणे २० अंशांवर ठेवते.