मसाई मारा आणि पीतज्वराची लस: तिकिटांआधी करायचे काम

केनियातील मसाई मारा हे अभयारण्य ऑगस्टमध्ये पाहायचे ठरल्यावर आम्ही विमानाची तिकिटे मार्चमध्येच काढून ठेवली आणि डॉक्टरांकडे मात्र जुलैत गेलो. हा क्रम उलटा हवा होता, हे आईच्या बाबतीत कळले.

केनियाहून परतणाऱ्या प्रवाशाकडे पीतज्वराच्या (यलो फीवरच्या) लसीचे प्रमाणपत्र नसेल, तर त्याला भारतात उतरल्यावर 6 दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. हा आजार आपल्याकडे नाही. पण तो पसरवणारा एडिस इजिप्ती डास, म्हणजे डेंग्यूचाच डास, आपल्या कुंड्यांत आणि पिंपांत सुखाने वाढतो, म्हणून सरकार इतके कडक आहे. भारतातून थेट येणाऱ्याकडे केनियाने प्रमाणपत्र मागितले नाही, तरी परतताना ते लागतेच.

ही लस कोणत्याही दवाखान्यात मिळत नाही. ती केंद्र सरकारने ठरवून दिलेल्या केंद्रांतच घ्यावी लागते. मुंबईत बंदर व विमानतळ आरोग्य संघटना, गोव्यात मुरगाव बंदर आरोग्य संघटना ही अशी केंद्रे आहेत. एका कुपीत अनेक मात्रा असतात आणि कुपी उघडल्यावर काही तासांतच संपवावी लागते, त्यामुळे बरीच केंद्रे ठरावीक वारीच, आधी नोंदणी घेऊन लस देतात. आम्ही चौकशी न करता एका केंद्रावर गेलो आणि हात हलवत परत आलो. मूळ पारपत्र सोबत ठेवावे, कारण प्रमाणपत्रावर त्याचा क्रमांक लिहितात. नाव, जन्मतारीख, शिक्का आणि सही तिथेच उभे राहून तपासावी. प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर 10 दिवसांनी ग्राह्य होते आणि 2016पासून ते आयुष्यभर चालते. आम्ही 22 जुलैला लस घेतली आणि 8 ऑगस्टला निघालो. याहून उशीर झाला असता तर रोजचा हिशेब करत बसावे लागले असते.

आता आईविषयी. तिचे वय 66 आणि संधिवातासाठी ती प्रतिकारशक्ती दाबणारे औषध घेते. ही लस जिवंत, क्षीण केलेल्या विषाणूची असल्याने अशा रुग्णांना ती धोक्याची ठरू शकते. साठीपुढे पहिल्यांदाच घेणाऱ्यांतही गंभीर दुष्परिणामांची शक्यता वाढते. अंड्याची तीव्र ॲलर्जी, गर्भारपण किंवा थायमस ग्रंथीचा विकार असेल तर तेही आधीच सांगावे. वैद्यकीय कारणाचे सवलतपत्र मिळू शकते, पण परतताना विमानतळावर ते मान्य होईलच असे गृहीत धरू नये. आईने स्वतःच न येण्याचे ठरवले आणि तिच्या तिकिटाचे बरेचसे पैसे बुडाले. चूक आमचीच होती.

हिवतापावर आपल्याला परिचित असलेली क्लोरोक्विन तिथे उपयोगाची नाही, कारण आफ्रिकेतील फाल्सिपेरम जंतू तिला दाद देत नाही. आम्हाला डॉक्सिसायक्लिन दिली: निघण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून रोज एक आणि हिवतापाचा भाग सोडल्यावर आणखी 4 आठवडे. ती भरपूर पाण्याबरोबर घ्यावी, घेऊन लगेच आडवे होऊ नये. उन्हात त्वचा लवकर भाजते, म्हणून सफारीच्या उघड्या गाडीत टोपी आणि लांब बाह्या हव्यातच. ही गोळी गर्भवती आणि 8 वर्षांखालील मुलांना देत नाहीत. त्यांच्यासाठी डॉक्टर दुसरी निवडतात. हिवतापाचा डास रात्री चावतो आणि एडिस दिवसा, त्यामुळे डास पळवणारे मलम दोन्ही वेळा लावावे लागते.

विषमज्वर, हिपॅटायटिस ए आणि धनुर्वात यांच्या लसी त्याच भेटीत विचारून घ्याव्यात. त्यांपैकी विषमज्वराची आम्ही घेतली. गोवरासारखी दुसरी जिवंत लस राहिली असेल तर ती त्याच दिवशी किंवा 4 आठवड्यांच्या अंतराने घेतात, म्हणूनही ऐनवेळची घाई नको.

मुंबईत उतरल्यावर आरोग्य कक्षात प्रमाणपत्र पाहायला मिनिटभर लागले. कस मात्र घरी लागला. हिवतापाची गोळी दुधाबरोबर घ्यायची नसते आणि तिचे चार आठवडे नेमके गणपतीत संपत होते. खिरीच्या वाटीपासून दोन तास दूर राहून 12 सप्टेंबरला शेवटची गोळी घेतली. यानंतरही काही महिन्यांत कधी ताप आला, तर आफ्रिकेला गेलो होतो हे डॉक्टरांना पहिल्या वाक्यातच सांगायचे आणि त्याच दिवशी रक्त तपासून घ्यायचे, असे त्यांनी बजावले आहे.