खिडकीसमोरचा बाक आणि ह्यांच्या शर्टांची गोधडी

सांगायचं आहे ते गोधडीबद्दल आणि गच्चीवरच्या गुलाबांबद्दल. पण आधी बँकेचं बोलून घेते, नाहीतर राग पोटातच राहील.

हे गेले 2025 च्या जूनमध्ये. दहावं रामकुंडावर झालं, महापालिकेचा मृत्यूचा दाखला आठवड्यात हातात आला. विमा, गॅस, वीजबिलावरचं नाव, सगळं धाकट्या दिरांनी उरकलं. अडलं ते एका मुदत ठेवीपाशी.

नॉमिनी मीच होते. पण ह्यांनी अर्जावर लिहिलं होतं माझं सासरचं नाव, 1989 साली तांदळाच्या ताटात अंगठीने लिहिलेलं. सासूबाई गेल्यावर त्या नावाने मला कुणी हाकही मारली नाही. आधार, पॅन शाळेच्या दाखल्यावरून काढलेले, म्हणजे माहेरच्या नावाने. खिडकीतले साहेब म्हणाले, "मॅडम, ही बाई वेगळी, तुम्ही वेगळ्या." छत्तीस वर्षं संसार केला, तो कुणी केला मग?

पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर प्रतिज्ञापत्र केलं. नोटरीचा शिक्का पुसट आहे म्हणाले. पुन्हा केलं. मग विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र मागितलं. आमच्या वेळी नोंदणी करायला कोण जात होतं? लग्नपत्रिका नेली, तर तिच्यावर अर्थातच माहेरचं नाव. नवं नाव पडायचंच होतं ना अजून! मग म्हणे कोर्टातून वारस दाखला आणा. मध्येच सर्व्हर बंद, मध्येच साहेब रजेवर. ऑगस्टअखेर साहेबांची बदली झाली आणि नव्या साहेबांनी विचारलं, "हं, काय काम होतं?" त्या दिवशी सिटी सेंटर मॉलपासून सिडकोपर्यंत चालत घरी आले. रिक्षात बसले असते तर रडले असते.

दुसऱ्या दिवशी ह्यांचे शर्ट बाहेर काढले. कुणाला द्यायचे म्हणून नव्हे, कात्री चालवायची होती कशावर तरी. चौकोन कापले, पिशवीत भरले आणि पुढच्या खेपेला बँकेतच घेऊन गेले. बाकावर बसून जोडत राहिले. सुरक्षारक्षक म्हणाला, "मावशी, इथे शिवणकाम चालणार नाही." म्हटलं, काम होत नाही तोवर हेच चालणार. तीन फेऱ्यांत बेचाळीस चौकोन जोडले. एका कॅशियरबाईंनी काचेमागून विचारलं, विकायची आहे का!

आता अस्तर हवं म्हणून सासूबाईंची ट्रंक उघडली. तळाशी नऊवारीच्या घडीत त्यांचं जुनं रेशनकार्ड. त्यावर घरातल्या माणसांच्या यादीत तिसरी ओळ: माझं सासरचं नाव, नातं सून, पत्ता हाच.

पुतणीने तेवढ्यात एक गोष्ट सांगितली, ती आधी कळायला हवी होती. नॉमिनी असेल तर बँकेने वारस दाखला मागायचा नसतो, आणि कागद पुरे झाल्यापासून 15 दिवसांत दावा मिटवायचा, असं रिझर्व्ह बँकेनेच सांगून ठेवलंय. सगळं लेखी दिलं, रेशनकार्डाची प्रत जोडली, झेरॉक्सवर शिक्क्यानिशी पोच घेतली. तोंडी काहीही बोलू नका, तोंडी बोललेलं बदलीबरोबर जातं. बँकेने 30 दिवसांत उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, 14448 वर माहिती मिळते. अर्जात शेवटी हे एक वाक्य घातलं होतं. नवव्या दिवशी पैसे जमा.

गोधडी मात्र तेव्हा अर्धीच झाली होती. खाली नऊवारी, मध्ये जुने पंचे, वर शर्ट. जमिनीवर ताणून पसरायची, कडेने मोठे टाके घालायचे, मग कडेपासून आत आत धावदोरा. मी आधी मधूनच सुरुवात केली आणि कोपऱ्याला हा एवढा फुगा आला. उसवली. खरं सांगते, ते उसवणंसुद्धा बरं वाटलं. इथे चूक माझी होती आणि दुरुस्तही मलाच करता येत होती.

गुलाबांना पावसाभर हात लावला नव्हता. चौदा कुंड्या ह्यांच्या. नाशिकचं नाव मोगलांच्या काळात गुलशनाबाद होतं, हे पाहुण्यांना सांगून मगच चहा. पानांवर काळे ठिपके, निम्म्या फांद्या वाळलेल्या. ऑक्टोबरात दिंडोरीहून भाऊ आला, त्याच्या द्राक्षांची गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची ऑक्टोबरातली छाटणी, चालू होती. कात्री माझ्याच हातात दिली: बाहेर तोंड केलेला डोळा, म्हणजे फुटवा येतो ती गाठ, बघायचा, त्याच्या पाव इंच वर तिरका काप. कापावर बुरशी लागू नये म्हणून मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट. "अजून खाली काप, घाबरू नको," म्हणाला. डिसेंबरात अकरा कुंड्यांना कळ्या आल्या. तीन गेल्या.

त्या पैशांची नवी ठेव केली, तेव्हा लेकीचं आधार कार्ड समोर ठेवून नॉमिनीचं नाव एकेक अक्षर जुळवून लिहायला लावलं. साहेब जरा वैतागले. वैतागू देत.

हां, मृत्यू दाखल्याच्या प्रती एकदम दहा घ्या, मी चारच घेतल्या होत्या. आणि टेरिकॉटचे शर्ट गोधडीत घालू नका, सुई मोडते. माझ्या तीन मोडल्या.