88 मिनिटांचा तारा मोजताना

कुंभ राशीतला सीवाय ॲक्वेरी हा रूपविकारी, म्हणजे तेज बदलत राहणारा, तारा 88 मिनिटांत तेजाच्या चढ-उताराची एक फेरी पुरी करतो. सर्वांत तेजस्वी असताना त्याची दृश्यप्रत 10.4, सर्वांत मंद असताना 11.2च्या जवळ (प्रतीचा आकडा जितका मोठा तितका तारा मंद). 1934 साली हॉफमाइस्टर यांनी तो शोधला. एका रात्रीत तेज चढण्याचे दोन उठाव पदरात पडतात, म्हणून फोटोमेट्री, म्हणजे ताऱ्याचं तेज मोजणं, शिकायला याच्याइतका सोयीचा तारा मला दुसरा सापडलेला नाही. खानापूर तालुक्यात नंदगडच्या बाजूला माळावर दुर्बीण लावली की बेळगावचा उजेड उत्तरेला राहतो आणि हा तारा डोक्यावरून पश्चिमेला, म्हणजे जंगलाच्या अंगाला उतरतो. तेवढ्यासाठी सामान वाहून न्यायची तयारी ठेवतो.

दुर्बीण 150 मिमी आरशाची न्यूटोनियन, नाभीय अंतर 750 मिमी. कॅमेरा कृष्णधवल सीमॉस सेन्सरचा, पिक्सेल 3.8 मायक्रॉनचा, म्हणजे एका पिक्सेलला साधारण 1.05 विकला (विकला म्हणजे अंशाचा 3,600वा भाग). पुढे व्ही फिल्टर, म्हणजे फक्त हिरवट-पिवळा उजेड येऊ देणारी प्रमाणित काच. फिल्टर नसला तरी वक्राचा, म्हणजे वेळेनुसार तेजाच्या आलेखाचा, आकार मिळतो, पण आपली प्रत दुसऱ्यांच्या प्रतींशी जुळत नाही.

नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात तारा रात्री आठच्या सुमारास याम्योत्तरावर, म्हणजे डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेघेवर, येतो. मी सव्वाआठला, त्याने ती रेघ ओलांडल्यावरच सुरुवात करतो. आधी सुरुवात केली तर मध्येच दुर्बिणीचा माउंट (बैठक) उलटवावा लागतो. मग प्रतिमा 180 अंशांत फिरते, तारे सेन्सरच्या वेगळ्याच पिक्सेलवर जाऊन बसतात आणि फ्लॅटमधली (काचेवरचे डाग आणि असमान उजेड काढून टाकण्यासाठी एकसारख्या उजळ आभाळाची जी फ्रेम घेतात तिच्यातली) बारीकशी चूकसुद्धा वक्रात पायरीसारखी दिसते. ही पायरी सॉफ्टवेअरमध्ये सपाट करता येते, पण मुळात ती पडूच नये हे बरं. सव्वाआठ ते सव्वाअकरा, 45 सेकंदांचं एक्स्पोजर आणि फ्रेम उतरायला 5 सेकंद धरले तर 216 फ्रेम होतात. तोवर एअरमास (ताऱ्याचा उजेड किती जाडीच्या हवेतून येतो तो आकडा; ऐन डोक्यावर 1) 1.03 वरून दीडपर्यंत चढलेला असतो.

गेन, म्हणजे कॅमेऱ्याने संकेत किती वाढवायचा ते, शून्य ठेवतो. गेन वाढवला की छायाचित्र डोळ्यांना छान दिसतं, पण पिक्सेलची धारणशक्ती घटते आणि तारा ऐन तेजस्वी क्षणी भरून वाहतो. आपल्याला नेमका तोच क्षण मोजायचा असतो! या मांडणीत ताऱ्याच्या मध्यावरच्या पिक्सेलचा आकडा मंद असताना 13,000 आणि तेजस्वी असताना 26,000च्या आसपास येतो. तुलनेचे तारे, म्हणजे ज्यांची प्रत ठाऊक आहे असे शेजारचे तारे, तेही 40,000च्या आत ठेवतो.

फ्लॅट संधिप्रकाशातच घेतो. आपल्या अक्षांशावर सूर्य जवळजवळ सरळ खाली जातो, त्यामुळे घाई असते. सूर्यास्त सहाच्या सुमारास, आणि व्ही फिल्टरला फ्लॅटजोगं आभाळ त्यानंतर जेमतेम पंधरा मिनिटं. सरासरी आकडा 30,000 राहील असं एक्स्पोजर बदलत 20 फ्रेम काढतो, दोन फ्रेममध्ये दुर्बीण जराशी सरकवून. फोकस मात्र फ्लॅटच्या आधीच पक्का करायचा. जांभ्याची लाल धूळ काचेवर बसली की फ्लॅटमध्ये मेदुवड्यासारखी वर्तुळं उमटतात. फोकस नंतर हलवला तर ही वर्तुळं आकार बदलतात आणि भागाकार करून डाग पुसण्याऐवजी नवे पडतात. डार्क, म्हणजे झाकण लावून घेतलेल्या फ्रेम, 30, ताऱ्याच्या फ्रेमइतक्याच सेकंदांचे, तोच गेन, तेच उणे 10 अंश तापमान. सीमॉसच्या कडेला जी चमक येते ती एक्स्पोजरच्या प्रमाणात वाढत नाही, म्हणून दुसऱ्या एक्स्पोजरचे डार्क गुणून-भागून वापरू नयेत. फ्लॅटचे डार्क वेगळे.

मोजणी ॲस्ट्रोइमेजजे या मोफत सॉफ्टवेअरमध्ये करतो. त्याआधी सगळ्या फ्रेम व्हर्च्युअल स्टॅक म्हणून उघडून एकेक पुढं सरकवत डोळ्यांनी पाहतो. याला अर्धा तास जातो आणि तो जाऊ द्यावा. वाऱ्याने लांबुळके झालेले तारे, अपर्चरवरूनच (ज्या वर्तुळात ताऱ्याचा उजेड मोजतो त्यावरून) गेलेला उपग्रह, घाटाकडून सरकलेला पातळ ढग हे सगळं इथंच दिसतं. सॉफ्टवेअर खराब फ्रेमचाही आकडा काढतं, तोही तीन दशांश स्थळांपर्यंत.

भरलेले पिक्सेल शोधायचे ते कच्च्या फ्रेममध्येच, दुरुस्त केलेल्या फ्रेममध्ये नाही. माझ्या कॅमेऱ्यात 12 बिटचा परिवर्तक आहे आणि आकडे 16 ने गुणून साठवले जातात. कच्च्या फ्रेमवर कर्सर फिरवला की प्रत्येक आकडा 16 च्या पाढ्यातला निघतो आणि कमाल मर्यादा 4,095 गुणिले 16, म्हणजे 65,520. हा भरून गेलेला पिक्सेल प्रतिमेच्या मध्यभागी असेल आणि तिथं फ्लॅटची किंमत सरासरीच्या 1.12 पट असेल तर भागाकारानंतर तो 58,500 दाखवतो. इशाऱ्याची मर्यादा 60,000 ठेवलेली असेल तर सॉफ्टवेअर गप्प बसतं.

याच 16 ची दुसरी खोड अपर्चरच्या सेटिंगमध्ये निघते. तिथं प्रत्येक एककाला किती इलेक्ट्रॉन, असं विचारतात. कॅमेऱ्याच्या माहितीपत्रकात गेन शून्यला 5 लिहिलेलं असतं, पण ते 12 बिटच्या एककासाठी. आपल्या फाइलीत एकक 16 पट लहान, म्हणून 5 भागिले 16, म्हणजे 0.31 भरायचे. सरळ 5 भरलं तर त्रुटी खरी आहे त्याच्या चौथाईवर येते आणि आपण फार अचूक मोजलं असं वाटत राहतं.

डेटा प्रोसेसर दोन फेऱ्यांत चालवतो. पहिल्या फेरीत फ्लॅटमधून त्यांचे डार्क वजा करून मास्टर (सगळे मिळून एक) फ्लॅट, दुसरीत ताऱ्याच्या फ्रेम. निघणाऱ्या फाइली 32 बिटच्याच, नाहीतर भागाकारातले अपूर्णांक छाटले जातात. मग प्रत्येक फ्रेममध्ये आकाशातले निर्देशांक बसवायचे. ॲस्ट्रोमेट्री डॉट नेटला इंटरनेट लागतं, आणि माळावर ते कधी असतं कधी नसतं. म्हणून ॲस्टॅप हे सॉफ्टवेअर वापरतो. त्याची ताऱ्यांची सूची एकदा लॅपटॉपवर उतरवली की नेटवाचून काम होतं.

अपर्चर किती घ्यायचं हे अंदाजाने ठरवू नये. ऑल्ट दाबून ताऱ्यावर क्लिक केलं की ताऱ्याची उतरण आलेखात दिसते. माझ्याकडे चांगल्या फ्रेममध्ये ताऱ्याची अर्ध्या उंचीवरची रुंदी 4 पिक्सेल येते. तिची दुप्पट, म्हणजे 8 पिक्सेल त्रिज्या. आभाळाची पार्श्वभूमी 15 ते 25 पिक्सेलच्या कड्यातून. पण ही रुंदी रात्रीतल्या सर्वांत वाईट फ्रेममध्येही बघावी. अंधार पडल्यावर हवा भराभर उतरते. तापमान 8 अंशांनी घसरलं तर पोलादी नळी साधारण 0.07 मिमी आखडते, आणि एफ/5 ला फोकसची मुभा त्याच्या जेमतेम निम्मी. दहा वाजेपर्यंत 4 चे साडेपाच पिक्सेल झालेले असतात. मग 8 चं अपर्चर ताऱ्याचा थोडा उजेड बाहेर ठेवतं. सगळ्या ताऱ्यांचा सारखाच गेला तर भागाकारात तो निघून जातो, पण न्यूटोनियनच्या कडेचे तारे मधल्यांसारखे फुगत नाहीत. अशा रात्री अपर्चर 10 वर नेतो. दर फ्रेमला बदलणारं अपर्चर वापरून पाहिलं आहे. या तुरळक ताऱ्यांच्या भागात त्याने गोंधळच जास्त होतो.

तुलनेचे तारे एएव्हीएसओच्या नकाशावरून. ही संस्था 1911 पासून रूपविकारी ताऱ्यांच्या नोंदी गोळा करते. नकाशात ताऱ्याशेजारी 109 लिहिलेलं असलं तर ती प्रत 10.9. दशांशचिन्ह ताऱ्यासारखं दिसू नये म्हणून गाळलेलं असतं. आधी लक्ष्यतारा, मग तुलनेचे तारे क्लिक करून एंटर. सीवाय ॲक्वेरी निळसर-पांढरा आहे, म्हणून पिवळट-तांबूस तुलनातारे शक्यतो टाळतो. तारा खाली उतरू लागला की हवा निळा उजेड जास्त खाते आणि सगळा वक्र एका बाजूला कलतो.

एक तारा पडताळणीसाठी राखून ठेवायचा. त्याची प्रत बदलत नाही, तेव्हा त्याचा आलेख सपाट यायला हवा. त्याचे ठिपके 0.006 ते 0.01 प्रतीत विखुरले तर रात्र चांगली गेली. लक्ष्यताऱ्याचा वक्र कितीही देखणा आला तरी आधी या आलेखाकडं बघतो.

त्याच्याजोडीला मोजणीच्या तक्त्यातले आणखी दोन रकाने: दर पिक्सेलमागचं आभाळ, आणि आभाळ वजा करून उरलेला ताऱ्याचा उजेड. ऊस तोडून झालेल्या शिवारात पाचट पेटवलं की धूर येतो. आभाळ उजळतं, तारे मंदावतात, आणि ते पश्चिमेच्या ताऱ्यांपासून सुरू होऊन पुढे सरकतं. दव असेल तर सगळे तारे एकदम आणि हळूहळू उतरतात. न्यूटोनियनचा दुय्यम आरसा पहिल्यांदा ओला होतो; टॉर्च मारून बघावा. पुसू नये, बारा व्होल्टची गरम पट्टी मागे लावावी. ओल्या आरशावरच्या फ्रेम मी वाचवायला जात नाही.

आता वेळ. बहुतेक चुका इथंच होतात. सॉफ्टवेअर फाइलीतली वेळ जागतिक मानतं. कॅप्चर करताना भारतीय वेळ लिहिली गेली तर साडेपाच तासांचा फरक पडतो, म्हणजे या ताऱ्याच्या पावणेचार फेऱ्या. उठाव भलत्याच ठिकाणी पडतो आणि ताऱ्याचा आवर्तकाल बदलला की काय असं वाटू लागतं. ओळखायची खूण सोपी: एअरमासचा रकाना. 1.03च्या आसपास सुरू व्हायला हवा तो थेट 8-10च्या घरात दिसतो, आणि थोड्याच वेळात तारा क्षितिजाखाली गेलेला असतो. लॅपटॉपचं घड्याळही निघण्यापूर्वी इंटरनेटवरून लावून घ्यावं. उठाव इतका तीव्र आहे की अर्ध्या मिनिटाची चूकसुद्धा दिसते.

त्यावर आणखी एक दुरुस्ती असते. पृथ्वी सूर्याभोवती फिरताना ताऱ्याच्या जवळ-लांब जाते, म्हणून वेळ सौरमालेच्या वस्तुमानकेंद्रावर नेऊन मोजतात. नोव्हेंबरच्या सुरुवातीला ही दुरुस्ती 4 मिनिटांच्या आसपास. सॉफ्टवेअर ती स्वतः करतं, पण आपलं ठिकाण भरलेलं हवं: अक्षांश उत्तर 15.6, रेखांश पूर्व 74.5, उंची साधारण 650 मीटर. जुन्या प्रकल्पातला दुसऱ्या गावचा पत्ता राहून गेला नाही ना, हे पाहावं.

शेवटी दोन्ही उठावांच्या शिखरांच्या वेळा काढतो. शिखराच्या दोन्ही बाजूंचे पंधरा-पंधरा ठिपके घेऊन त्यांवर वक्र बसवायचा. सर्वांत वरचा एकच ठिपका उचलायचा नाही. दोन शिखरांत 87.9 मिनिटं यायला हवीत. 86 आली तर घड्याळ किंवा मधल्या गाळलेल्या फ्रेम तपासतो, 90 आली तरी तेच. तिसरं शिखर अर्धवट मिळालं असेल तर ते नोंदवत नाही.

कच्च्या 216 फ्रेम म्हणजे 7 जीबी. त्या, मास्टर डार्क-फ्लॅट आणि मोजणीचा तक्ता जपून ठेवतो. 32 बिटच्या दुरुस्त फाइली दुप्पट जागा खातात. त्या पुसून टाकतो, अर्ध्या तासात पुन्हा तयार होतात.