गल्ला आणि सॉफ्टवेअरचा आकडा

कराडला माझा दातांचा दवाखाना आहे. दोन खुर्च्या, एक असिस्टंट आणि काउंटरवर काकू. २०२४ च्या एप्रिलमध्ये सीएंनी मार्चचा आकडा मागितला. सॉफ्टवेअर घेऊन चारच महिने झाले होते, त्यामुळे मोठ्या रुबाबात ‘रेव्हेन्यू’ उघडून ४,१२,००० कळवले. दुपारी त्यांचा फोन. "मॅडम, बँक नि रोख वही मिळून २,९६,००० होताहेत. बाकीचे कुठे आहेत?"

तेव्हा मी आयकर कायद्याच्या ४४एडीए या कलमाखाली रिटर्न भरायचे. म्हणजे वर्षाला जेवढी जमा, त्याच्या निम्मी रक्कम उत्पन्न धरायची. जमाच फुगवून सांगितली तर हातात न आलेल्या पैशांवरही कर भरावा लागला असता.

पहिला संशय कुणावर गेला हे लिहायलाही लाज वाटते. काकू अकरा वर्षं आमच्याकडे आहेत.

घोळ होता रूट कॅनालचा. पेशंट ठणका घेऊन येतो, एक्स-रे काढतो, आपण खर्च सांगतो: रूट कॅनाल ४,५००, वर कॅप ५,०००. काकू पहिल्याच दिवशी ९,५०० चं बिल करून मोकळ्या. पेशंट २,००० टेकवून जातो. ठणका थांबला की कित्येक जण कॅपसाठी फिरकतही नाहीत, पण सॉफ्टवेअरच्या लेखी ते ९,५०० मार्चमध्येच कमावलेले. त्याचा दोष नाही म्हणा. ‘कलेक्शन’ नावाचा वेगळा रिपोर्ट शेजारीच होता. मी तो कधी उघडलाच नव्हता.

दोन रविवार काकू आणि मी एकेक बिल घेऊन बसलो. १,१६,००० पैकी ७१,००० उधारी निघाली. २८,५०० तर सुरूच न झालेल्या कामांचे. १२,००० मी तोंडी सोडलेले, त्यांची नोंदच नव्हती. ("आपलेच आहेत, पाचशे कमी घ्या" असं खुर्चीपाशी उभं राहून किती वेळा म्हणते, ते तेव्हा कळलं.) उरले ४,५००. एका संध्याकाळी क्यूआर चालत नव्हता, म्हणून ते नवऱ्याच्या नंबरवर घेतले होते. त्याला पत्ताच नाही!

आता बिल फक्त त्या दिवशी झालेल्या कामाचं. सांगितलेला खर्च ‘ट्रीटमेंट प्लॅन’मध्ये राहतो, जास्तीचे पैसे आगाऊ म्हणून जमा होतात, आणि सूट द्यायची तर डिस्काउंटच्या रकान्यातच. रात्री कुलूप लावण्याआधी काकू रोख मोजतात, यूपीआय आणि कार्ड मशीनचे दिवसाचे आकडे मांडतात आणि तिन्हींची बेरीज ‘कलेक्शन’शी ताडून बघतात. कार्डाचे पैसे खात्यात नंतर येतात, तेही मशीनचे चार्जेस कापून, म्हणून बँकेशी ताळा महिन्यातून एकदाच.

पहिले पंधरा दिवस रोज काहीतरी चुकायचं. काकू वैतागून म्हणाल्या, "मॅडम, माझी वहीच बरी होती." वही त्यांनी अजून सोडलेली नाही, मीही सोडा म्हटलेलं नाही.

काल गल्ल्यात ३० रुपये जास्त निघाले. काकूंनी वही चाळली. सुट्टे नव्हते म्हणून सकाळचे आजोबा ‘राहू द्या’ म्हणून गेले होते. आता त्यांच्या नावावर ३० रुपये आगाऊ जमा दिसताहेत.